क्रोधावर जय



सन २०१६ चा उन्हाळा लातूरकरांच्या स्मरणातून सहसा जाणार नाही. लागोपाठच्या अवर्षणांमुळे मांजरा धरण कोरडे पडले होते, आणि घागरभर पाण्यासाठी माणसे रात्र रात्र जागत होती. पाण्यावरून होणारी भांडणे इतकी वाढली, की मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्या व टँकर भरण्याची ठिकाणे यांच्या परिसरात तत्कालीन फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लागू करून जमावबंदी करावी लागली. पुढे १२ एप्रिल रोजी मिरजेहून दहा वाघिणींची आगगाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरास आली, आणि त्या गाडीचे चित्र सर्व देशाने पाहिले. परंतु त्या जमावबंदीच्या हुकुमाचा विचार मात्र फारसा कोणी केला नाही. तहानेला औषध पाणी आहे, ते आगगाडीतून आणता येते. ज्या क्रोधामुळे शेजारी शेजाऱ्यावर घागर उगारतो, त्या क्रोधाला औषध कोणते, आणि ते कोणत्या गाडीने येते? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा आपण थोडा अभ्यास करू.

क्रोध म्हणजे काय?

प्रथम शरीराकडे पाहू. आपला अपमान झाला, अन्याय झाला अथवा काही संकट आले असे मनास वाटताच मेंदूतून शरीरास इशारा मिळतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या लहानशा ग्रंथी ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हृदय वेगाने धडधडू लागते, श्वास जलद होतो, स्नायू ताठतात, तोंडास कोरड पडते. शरीर लढावयास किंवा पळावयास सज्ज होते. वाघ समोर आला असता ही सज्जता प्राण वाचविते. परंतु समोर वाघ नसून धाकटा भाऊ असतो, आणि त्याने आपली पेन्सिल घेतलेली असते, तेव्हा हीच सज्जता अनर्थ करते. विचार करणारी बुद्धी मागे पडते व हात आणि जीभ पुढे धावतात. थोड्या वेळाने रक्त निवते, पण तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही, की राग येणे हे स्वतः पाप नव्हे. ती शरीराची व मनाची एक हालचाल आहे. दुसरी ही, की राग येणे आणि रागाने वागणे यांच्या मध्ये एक लहानसे अंतर असते. क्षणाचेच असेल, पण असते. मनुष्याचे सारे शील त्या अंतरात उभे असते.

काइनाचे दार

पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकात, चौथ्या अध्यायात, या अंतराची कथा आहे. काइन व हाबेल या दोघा भावांनी देवाला अर्पणे आणली. धाकट्याचे अर्पण मान्य झाले, थोरल्याचे झाले नाही. काइन संतापला, त्याचे तोंड उतरले. येथे आपण बहुधा घाईने पुढे जातो व खुनाची गोष्ट वाचतो. परंतु राग आणि खून यांच्या मध्ये देवाचे बोलणे आहे, ते विसरू नये. देवाने काइनाला शाप दिला नाही. प्रथम प्रश्न विचारला, की तू का रागावला आहेस? मग त्याला सावध केले, की पाप दाराशी टपून बसले आहे, आणि त्याच्यावर तुला सत्ता चालविली पाहिजे.

क्रोध दाराबाहेर आहे, घरात घ्यावयाचा की नाही हे काइनाच्या हाती आहे, असाच या बोलण्याचा भाव आहे. काइनाने देवाच्या प्रश्नाला उत्तरच दिले नाही. उत्तर देता, तर त्याला म्हणावे लागले असते, "प्रभो, मला भावाचा हेवा वाटतो." हे वाक्य उच्चारणे त्याला जमले नाही, आणि शेतात जाऊन भावाचा जीव घेणे मात्र जमले. विद्यार्थ्यांनो, आपला राग कशामुळे आला हे खरेपणाने सांगता येणे, हा क्रोधजयाचा पहिला पाठ आहे. बहुतेक वेळा रागाच्या पोटात दुसरेच काही असते: कधी हेवा, कधी भीती, कधी भूक, कधी दुखावलेला अभिमान.

मोशे हे दुसरे उदाहरण. गणनेच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात त्याला पृथ्वीवरील सर्व माणसांहून नम्र म्हटले आहे. आणि त्याच पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात, तहानेने कुरकुर करणाऱ्या लोकांवर संतापून, खडकाशी बोलावयाचे ते सोडून त्याने काठीने खडकावर दोनदा प्रहार केला. पाणी निघाले, लोक व जनावरे प्याली. परंतु मोशेला वचनदत्त देशात पाऊल टाकता आले नाही. ही गोष्ट लातूरच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तहानलेला जमाव कसा बोलतो, आणि त्यापुढे उभ्या असलेल्या माणसाचा धीर कसा सुटतो, हे त्याने पाहिले आहे. चाळीस वर्षांची नम्रता एका क्षणाच्या संतापापुढे हरली. म्हणून माझा स्वभाव शांत आहे, मला या धड्याची गरज नाही, असे कोणीही म्हणू नये.

सर्वच क्रोध वाईट काय?

येथे कोणी चाणाक्ष विद्यार्थी विचारील, की प्रभु येशू स्वतः मंदिरातील व्यापाऱ्यांवर रागावला नव्हता काय? होय, रागावला होता. मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायातही, शब्बाथ दिवशी वाळल्या हाताच्या माणसाला बरे करू नये म्हणून टपलेल्या लोकांकडे त्याने रागाने पाहिले, असे लिहिले आहे. परंतु त्याच वाक्यात हेही लिहिले आहे, की त्यांच्या मनाच्या कठोरपणामुळे त्याला दुःख झाले. राग आणि दुःख येथे एकत्र आहेत. आणि त्यानंतर त्याचा हात कोणास मारण्यासाठी उठला नाही. एक वाळलेला हात बरा झाला.

त्याच्या स्वतःच्या अपमानाची वेळ आली, त्याच्यावर लोक थुंकले, त्याला फटके मारले, तेव्हा तो उगा राहिला. आणि वधस्तंभावरून त्याने मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली. आपले नेमके उलट असते. गरिबावर अन्याय झाला असता आपण शांत राहतो, आणि आपल्या ताटात भाजी कमी पडली तर घर डोक्यावर घेतो. यावरून एक कसोटी मिळते. माझा राग दुसऱ्याच्या दुःखासाठी आहे की माझ्या मानासाठी? त्याने कोणाचे काही बरे होणार आहे काय? तो प्रार्थनेत देवापुढे मांडता येईल काय? या तिन्ही प्रश्नांना जो राग उतरेल, तोच सात्त्विक समजावा.

नांदेडजवळ गोदावरीवर विष्णुपुरीचा बंधारा आहे. नदी तीच, पाणी तेच. दारांनी अडविलेले पाणी उपसा करून कालव्यांतून शेतात जाते तेव्हा पीक उभे राहते. पुराचे पाणी काठ सोडून वस्तीत शिरते तेव्हा धान्य कुजते, भिंती खचतात. क्रोधाचे बळ हेही देवाने दिलेले बळच आहे. प्रश्न एवढाच, की त्याला दारे आहेत काय, आणि त्या दारांची किल्ली कोणाच्या हाती आहे?

टिळकांच्या घरातील साक्ष

आता आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहू. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या कविता तुम्ही पाठ केल्या असतील. 'फुलांमुलांचे कवी' म्हणून त्यांना महाराष्ट्र ओळखतो. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. बुद्धी तेजस्वी, अंतःकरण दयेने भरलेले, हात दानासाठी सदा मोकळा. परंतु स्वभाव अत्यंत तापट. वडील कडक व कोपिष्ट होते, आणि त्या रागाचे चटके मुलाने लहानपणीच सोसले होते. घरातील राग पुष्कळदा असा वारशाने उतरतो, पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

हे सर्व आपणास कसे कळले? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी लिहिलेल्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथावरून. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र मराठीतील एक अनमोल पुस्तक मानले जाते. त्यात लक्ष्मीबाईंनी पतीचे देवपण रंगविले नाही. त्यांचे घर सोडून निघून जाणे, क्षणात भडकणे व क्षणात विरघळणे, त्या रागापायी स्वतः सोसलेले हाल, हे सर्व त्यांनी हसत, पण खरेपणाने लिहून ठेवले आहे. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचा दोष न लपविता आणि त्याचा द्वेष न करता कसा सांगावा, हे शिकावयाचे असेल तर तो ग्रंथ वाचावा.

सन १८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले. त्याने त्यांना नवा करार भेट दिला. पुढे ते पुस्तक वाचीत असता मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले, आणि तेथे त्यांचे मन जडले. त्या प्रवचनाच्या आरंभीच्याच भागात क्रोधाविषयीची शिकवण आहे, हे येथे लक्षात घ्यावे. खून करू नको ही जुनी आज्ञा सर्वांस ठाऊक होती. प्रभूने ती आज्ञा हातातून काढून हृदयात नेली, आणि भावावर धरलेला राग व त्याला हिणवून बोललेला शब्द यांनाही न्यायाच्या कक्षेत आणले. तापट मनुष्याने ही वचने वाचणे म्हणजे आरशात पाहणेच होय. दिनांक १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

मग त्या दिवसापासून त्यांचा राग नाहीसा झाला काय? नाही. असे कोणी सांगेल तर 'स्मृतिचित्रे' त्याला खोटे ठरवील. ख्रिस्ती झाल्यानंतरच्या प्रकरणांतही टिळकांचा तापटपणा दिसतो. बाप्तिस्मा हे नव्या जीवनाचे बीज आहे. बीज पेरल्या दिवशी कणीस मागू नये. पण बदल होत गेला. अनाथांना त्यांनी घरात घेतले. आपण ज्यांना दुखविले त्यांच्यापुढे नमते घेणे त्यांना साधू लागले. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मोकळेपणाने सांगत; म्हणजे पूर्वीच्या धर्माविषयीही त्यांच्या मनात कडवटपणा उरला नाही. शेवटच्या काळात, १९१७ साली, त्यांनी मिशनची नोकरी सोडली व 'देवाचा दरबार' ही सर्वांस मोकळी असलेली संस्था उभारली. दिनांक ९ मे १९१९ रोजी ते प्रभूकडे गेले.

आणि लक्ष्मीबाई? पतीने धर्मांतर केल्यावर त्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ती स्त्री काही वर्षे पतीपासून दूर राहिली. त्यांच्या रागास कारण नव्हते असे कोण म्हणेल? तरी त्या परतल्या. प्रथम आपले सोवळे सांभाळून वेगळ्या राहिल्या, मग एके काळी ज्यांची सावली टाळीत असत त्यांच्या हातचे पाणी त्यांना चालू लागले, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यावर कोणी बळजबरी केली नाही. तसे पाहिले, तर त्या घरात राग जिंकला गेला तो दोन बाजूंनी: एकाच्या पश्चात्तापाने आणि दुसरीच्या विनोदाने व धीराने.

येथे एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजतो. लक्ष्मीबाईंच्या धीराचा अर्थ असा नव्हे, की घरात कोणी मारझोड करीत असेल तर ती मुकाट्याने सोसावी. क्षमा म्हणजे अन्यायावर पांघरूण नव्हे. ज्या मुलास वा मुलीस घरी अगर बाहेर मार सोसावा लागत असेल, त्याने आपल्या विश्वासाच्या शिक्षकास किंवा वडील माणसास सांगावे. १०९८ या क्रमांकावर मुलांना मोफत साहाय्य मिळते. रागावणाऱ्यास थांबविणे हेही त्याच्यावर केलेले प्रेमच आहे.

शेजारचे दिवे

आपल्या मराठवाड्याच्या भूमीला हा विषय नवा नाही. पैठणच्या एकनाथ महाराजांची कथा घरोघर सांगतात. गोदावरीत स्नान करून येताना एक मनुष्य त्यांच्या अंगावर पुनःपुन्हा थुंकला, आणि ते पुनःपुन्हा न रागावता स्नान करून आले. शेवटी थुंकणाराच थकला व पाया पडला. जगाच्या वागण्याने खिन्न होऊन ज्ञानेश्वरांनी झोपडीची ताटी लावून घेतली, तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने दाराबाहेर उभे राहून त्यांची समजूत घातली. तिचे ते ताटीचे अभंग आजही गाइले जातात. दार आतून लावणे, ही रागाचीच एक तऱ्हा आहे. प्रभूच्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातील थोरला भाऊही असाच रागावून घराबाहेर राहिला, आणि बाप बाहेर येऊन त्याला विनवू लागला. ख्रिस्ती मनुष्याने या कथा आदराने ऐकाव्यात. सत्य कोठेही दिसले तरी ते देवाचेच आहे.

मग ख्रिस्ती श्रद्धा यात अधिक काय देते? माझ्या अल्पमतीप्रमाणे ती असे सांगते, की तू रागावर जय मिळविल्यावर देव तुझ्यावर प्रेम करील असे नाही. त्याने तुझ्यावर आधीच प्रेम केले आहे, म्हणून तुला आता रागाने स्वतःचा मान राखण्याची गरज उरली नाही. ज्याची फार मोठी थकबाकी माफ झाली, त्याने शेजाऱ्याच्या लहानशा उसनवारीसाठी त्याचा गळा धरावा काय?

मेघगर्जनेच्या पुत्राचे काय झाले?

प्रभूच्या बारा शिष्यांत याकोब व योहान हे दोघे भाऊ होते. त्यांना प्रभूने 'गर्जनेचे पुत्र' असे नाव दिले होते. शोमरोनी लोकांच्या एका गावाने येशूला उतरावयास जागा दिली नाही, तेव्हा या भावांनी आकाशातून अग्नी पाडून ते गाव भस्म करण्याची परवानगी मागितली. प्रभूने त्यांना धमकाविले, आणि ते दुसऱ्या गावी गेले. लूकाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात ही हकीकत आहे.

आता प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय उघडा. शोमरोनाने देवाचे वचन स्वीकारले असे कळताच यरुशलेमातून दोन माणसे तेथे पाठविली गेली: पेत्र आणि हाच योहान. ज्या लोकांवर त्याने अग्नी मागितला, त्यांच्याच माथ्यावर हात ठेवून त्याने पवित्र आत्मा मागितला. मधल्या काळात काय घडले? तो प्रभूबरोबर चालला, त्याच्या पंक्तीस बसला, त्याच्या वधस्तंभाखाली उभा राहिला. याचेच नाव आध्यात्मिक वाढ.

पौल गलतीकरांस लिहिताना क्रोधाला देहाच्या कर्मांत गणतो, आणि शांती, सहनशीलता, सौम्यता यांना आत्म्याचे फळ म्हणतो. हा शब्द शेतकऱ्याच्या मुलाने नीट ऐकावा. कर्म माणूस करतो, फळ झाडाला येते. ज्वारीच्या ताटाला ओढून कणीस लांब होत नाही. शेतकरी नांगरतो, पेरतो, खुरपतो, राखण करतो; वाढविणारा देव. तद्वत 'मी आता रागावणार नाही' अशी नुसती प्रतिज्ञा फार दिवस टिकत नाही. मुळाला पाणी पाहिजे, आणि ते पाणी म्हणजे नित्याची प्रार्थना, वचनाचे मनन व सज्जनांची संगती.

एका शिक्षकाची कबुली

उपदेश करणाऱ्याने स्वतःविषयी मौन धरणे बरे नव्हे, म्हणून लिहितो. मी आरंभी सांगितलेल्या त्याच २०१६ च्या मार्च महिन्यात लातुरात आठवीच्या वर्गावर शिकवीत होतो. एक मुलगा सतत उशिरा येई. एके दिवशी त्याची गृहपाठाची वही भिजलेली, शाई पसरलेली मी पाहिली. सारे शहर पाण्यासाठी तळमळत असता तुझी वही मात्र पाण्यात भिजते काय, असे मी मोठ्याने म्हटले. वर्ग हसला. त्या हसण्याने मला अधिकच चेव आला, आणि मी ती वही खिडकीतून बाहेर फेकली. मुलगा काही बोलला नाही. मधल्या सुटीत त्याने ती वही उचलून झटकली, एवढे मी पाहिले. विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा करणे व त्याचा मानसिक छळ करणे हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने निषिद्ध आहे, हे मला ठाऊक होते. मी त्याच्या अंगाला बोटही लावले नव्हते, म्हणून आपण निर्दोष आहो, अशी मी मनाची समजूत घातली.

दोन दिवसांनी आमच्या गल्लीतील टँकर आला नाही, म्हणून रात्री मी घागर घेऊन दुसऱ्या गल्लीत गेलो. तेथे भांड्यांची लांब ओळ लागली होती. रस्त्यावरील दिव्याखाली तोच मुलगा मांडीवर वही घेऊन लिहीत बसला होता. शेजारी त्याची लहान बहीण घागरींवर डोके टेकून झोपली होती. पाणी भरताना वही कशी भिजते, हे मला त्या क्षणी समजले. मला पाहून तो उठला व म्हणाला, "सर, तुमची घागर इथं ठेवा, आमच्या पुढं." मी ती ठेवली नाही. शेवटी जाऊन उभा राहिलो. त्याचे आईवडील रात्रपाळीच्या कामावर असत, आणि पाण्याचा भार या दोन लेकरांवर असे, हे त्या रांगेतच कोणी तरी सांगितले.

दुसऱ्या दिवशी शाळेत सकाळची प्रार्थना चालविण्याची पाळी माझी होती. वाचावयाचा भाग काढू लागलो, तो मत्तयाचा पाचवा अध्याय पुढे आला: अर्पण वेदीपाशी आणले असता भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून प्रथम त्याच्याशी समेट करावा. माझे मन म्हणाले, शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागितली तर वर्गात वचक राहील काय? तेव्हा मला माझ्या रागाचे मूळ दिसले. ते वहीत नव्हते, उशिरातही नव्हते; ते माझ्या वचकात होते.

घंटा होण्यापूर्वी मी त्या मुलास गाठून क्षमा मागितली. मग प्रार्थना चालविली. आणि अपमान सर्वांदेखत केला होता, म्हणून पहिल्या तासाला सर्व वर्गापुढे पुन्हा मागितली. वर्ग स्तब्ध झाला. तो मुलगा खाली पाहत होता. "असू द्या, सर," एवढेच तो म्हणाला. त्या दिवशी वर्गातील माझा वचक गेला असेल. परंतु त्यानंतर मुले उशिरा येण्याचे खरे कारण मला सांगू लागली, आणि ते मला वचकापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

त्यानंतर मी कधीच रागावलो नाही, असे लिहिले तर ते असत्य होईल. त्याच वर्षी पावसाळ्यात मी पुन्हा एकदा भडकलो. परंतु आवाज चढताच मला खिडकीबाहेर पडलेली ती वही दिसली, आणि वाक्य अर्ध्यावर थांबले. आता ते पहिल्या शब्दाशी थांबावे, अशी माझी रोजची प्रार्थना आहे.

आचरणाचा पाठ

अभ्यास आचरणात उतरावा म्हणून पाच गोष्टी सांगतो.

पहिली, राग आला की प्रथम ऐकावे, मग बोलावे. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायाची शिकवण हीच आहे. दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत, जागा बदलावी. शरीरास निवण्यास वेळ द्यावा.

दुसरी, देवाने काइनाला विचारलेला प्रश्न स्वतःस विचारावा, मी का रागावलो आहे? खरे उत्तर प्रार्थनेत उच्चारावे.

तिसरी, राग मुक्कामी ठेवू नये. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने सूर्यास्ताची मर्यादा घातली आहे. दिवेलागणीस घरात सर्व एकत्र येतात, तीच समेटाची वेळ समजावी.

चौथी, जितक्या लोकांपुढे अपमान केला, तितक्यांपुढे क्षमा मागावी.

पाचवी, ज्याचा राग येतो त्याचे नाव घेऊन रोज प्रार्थना करावी. एखाद्यासाठी मनापासून देवाजवळ मागणे आणि त्याचा द्वेष करणे, ही दोन्ही कामे एक मन फार दिवस एकत्र करू शकत नाही.

पालकांस एक विनंती आहे. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल बापांस बजावितो, की मुलांना चिडीस आणू नये. आपली मुले आपल्या उपदेशापेक्षा आपला आवाज अधिक लवकर शिकतात. शेतीचा घाटा, कर्जाची काळजी, कामावरील अपमान यांचा राग उंबरठ्याच्या आत आणू नये. एखाद्या संध्याकाळी मुलाजवळ बसून, 'काल मी चुकलो' असे म्हणून पाहावे. बापाच्या तोंडचे हे तीन शब्द मुलास जन्मभर पुरतात.

विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्नांची उत्तरे आपल्या वहीत लिहावीत. ती कोणास दाखविण्याची आवश्यकता नाही. माझ्या शेवटच्या रागाच्या पोटात काय होते? तो माझ्या मानासाठी होता की दुसऱ्याच्या दुःखासाठी? आज सूर्य मावळण्यापूर्वी मला कोणाकडे जावयाचे आहे?

पहिल्या दोन प्रश्नांसाठी वही पुरेल. तिसऱ्यासाठी मात्र उठून जावे लागेल. प्रभु तुम्हांस व मला ते बळ देवो.